अर्धं काम ठेवायची कमांड

सट्टेदाराच्या ओसरीवर आई उकिडवी बसायची आणि तो तिचे कट्टे, म्हणजे बिड्यांच्या बांधलेल्या जुड्या, एकेक करून उचलायचा. बिड्या वळणाऱ्या बायांकडून माल गोळा करून कारखान्यात पोचवणारा माणूस म्हणजे सट्टेदार. तो कट्टा नाकाशी न्यायचा, अंगठ्यानं दाबायचा, एखादी बिडी ढिली लागली की सगळा कट्टा बाजूच्या टोपलीत. याला छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे आणि बिड्याही परत मिळत नसत. टोपलीतल्या बिड्यांचं पुढं काय होतं ते सगळ्या बायांना ठाऊक होतं. कोणी विचारत नसे, कारण पुढच्या खेपेची पानं आणि तंबाखू त्याच्याच हातची.

बाबा गोंदियात राईस मिलमध्ये हमाल होते. मी शाळेत असतानाच ते पोत्यांच्या थप्पीवरून घसरले आणि कमरेखालची ताकद गेली. त्यानंतर घर आईच्या सुपावर चाललं. सूप मांडीवर, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली तेंदूची पानं. शाळेतून आले की मीही बसायची. कट्टे बांधायचं काम माझं. माझ्या हाताला तंबाखूचा वास असायचा म्हणून वर्गात माझ्या बाजूला बसायला कोणी तयार नसे. वाईट वाटायचं. पण पहिल्या बाकावर मी एकटीच ऐसपैस बसायची, हेही खरं.

आईचा एक नियम होता. कोणी दारात आलं की ती सूप फडक्यानं झाकायची. सट्टेदाराचा माणूस असो की शेजारची काकी, अर्धा कट्टा कोणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही.

"पुरं झाल्याबिगर कोनाले दाखवू नोको," ती म्हणायची. "लोकं अर्ध्यातच खोट काढतेत."

हा नियम माझ्या हाडात मुरला. शाळेत उत्तरपत्रिका मी हातानं झाकून लिहायची. कॉलेजात प्रॅक्टिकलला सर पाठीमागून आले की मी स्क्रीन बंद करायची. ते म्हणायचे, "मी काही चोरणार नाही बाई." पण करूनच दाखवायचं, करताना नाही, हे माझं ठरलेलं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स. हे मी लाजून सांगत नाही आणि उगाच पाय जमिनीवर असल्याचं दाखवतही नाही. गावापासून फाट्यापर्यंत सायकल, तिथून बस, असं करून मी ही डिग्री घेतली आणि ती आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर लावली आहे. बाबांच्या खाटेवरून ती नीट दिसते. कोणी आलं की ते आधी भिंतीकडं बोट करतात, मग पाणी विचारतात.

नोकरी लागली ती नागपूरच्या एका लहान कंपनीत. दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर बनवणारी. कोणता पेशंट कितवा, कोणत्या डॉक्टरकडं, बाहेरच्या टीव्हीवर कोणता आकडा दिसायचा, असलं काम. सुरुवातीचे महिने तपासणीचे, मग कायम. मी मुलाखतीतच सांगून टाकलं की मला घरूनच काम करावं लागेल. बाबांना उठवून बसवणं, कूस बदलणं, आंघोळ घालणं हे दोन माणसांचं काम आहे, आईच्या एकटीच्या अंगात ते नाही. आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात, ते म्हणाले, "पाहू. काम दिसलं तर घरून काय आणि ऑफिसातून काय."

काम दिसलं तर. हे शब्द मी तेव्हा नीट ऐकले नाहीत.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अंगाला आहे. तिथं वैमानिक शिकतात, त्यामुळे दिवसभर डोक्यावर लहान विमानं घिरट्या घालत असतात. पहिल्याच मीटिंगमध्ये नागपूरचा एकजण म्हणाला, "मागे काय चालू आहे?"

"विमान आहे."

"तुम्ही तर खेड्यात राहता म्हणाल्या."

"हो. आमच्या खेड्यावरून विमान जाते."

सगळे हसले. तेवढ्यापुरती माझी भीती गेली.

आता थोडं कामाविषयी. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपलं काम गिट नावाच्या यंत्रणेत जमा करतात. जमा करण्याला कमिट म्हणतात. कोणी काय बदललं, कशासाठी बदललं, ते त्यात कायमचं राहतं आणि पूर्ण टीमला दिसतं. शहाणी माणसं दिवसातून कितीतरी वेळा कमिट करतात. मी करत नव्हते. माझ्या डोक्यात कमिट म्हणजे सट्टेदाराच्या ओसरीवर कट्टा ठेवणं. एकदा दिला की दिला. त्यावर अंगठा पडणार. मग पुरं होईपर्यंत कशाला द्यायचं? आठ-आठ दिवसांचं काम मी लॅपटॉपवर झाकून ठेवायची आणि पुरं झालं की एकदम एकच देखणा कमिट करायची. सर म्हणायचे, "काम स्वच्छ असतं हो तुझं." मला वाटायचं, जिंकलं.

मधेच दुसरं काम आलं तर अडचण व्हायची. हातातलं अर्धं, ते कुठं ठेवायचं? मी फोल्डरची नक्कल काढायची. एकाचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन खरा', तिसऱ्याचं 'हाच खरा'. आता हसू येते, पण तेव्हा ही पद्धत मला पक्की वाटायची.

एका दवाखान्यात दोन पेशंटांना एकच नंबर जाऊ लागला. सरांचा फोन आला, हातातलं सगळं सोड, हे आधी कर. मी तेव्हा पाळीचा नवा पडदा, म्हणजे कोणत्या पेशंटची पाळी आली ते दाखवणारी स्क्रीन, बनवत होते, आठवडाभर त्यातच होते. नक्कल काढली, दुरुस्ती केली, पाठवली. दवाखान्याचं काम चालू झालं. मग जुनं काम परत आणायला गेले आणि त्याच वेळी दारात काकी उभी.

"पोरी, हे रेशनचं आधार जोडून दे ना. दुकानवाला आंगठा लागत नाही म्हून राहिला."

"थोडं थांब काकी."

"घरीच तं बसून हाये तू. कायचं थांब."

काकीचं म्हणणं गावाचं म्हणणं होतं. घरी बसलेली पोरगी म्हणजे मोकळी पोरगी. मी एका डोळ्यानं तिचा मोबाईल बघत, दुसऱ्या हातानं फोल्डर ओढलं, आणि 'हाच खरा' वर 'नवीन' चढवला. आठवड्याचं काम गेलं. दुसरी प्रत कुठंच नव्हती. काकीचं आधार मात्र जोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. एरवी ते मला तू म्हणायचे.

"मॅडम, आठवडाभर काय केलं?"

"पाळीचा पडदा, सर. बराच झाला होता."

"कुठंय?"

"गेला."

"गेला म्हणजे? कमिट किती केले होते?"

"एकही नाही. पुरं झालं नव्हतं ना."

डोक्यावरून विमान गेलं.

"हे पाहा," ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण इकडून मला काय दिसते? काहीच नाही. आठ दिवसांत एक ओळ नाही. मालकांना मी काय दाखवू? पुढच्या महिन्यापासून नागपूरला येऊन बसा. नसेल जमत तर तसं सांगा, मी दुसरं माणूस पाहतो."

माझ्या समोर खाटेवर बाबा होते. ते ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं छताकडं बघत होते.

मी म्हटलं, "सर, हाच पडदा मला घरून परत करू द्या. या वेळी काम रोज दिसलं नाही, तर तुम्हाला सांगावं लागणार नाही. मीच सोडीन."

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज."

"ठीक आहे. हा पडदा होईपर्यंत. दवाखान्यातले डॉक्टर बघायला येणार आहेत, त्या दिवशी चालला पाहिजे."

फोन ठेवला तर बाबा म्हणाले, "जाय ना नागपूरले. मी का कुठं पळून चाललो?"

"तुमाले आंघोळ कोन घालंल?"

"नाही केली आंघोळ तं काय, माह्यावर कोनतं विमान उतरते."

मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी कामाला बसले आणि ठरवलं, आजपासून रोज कमिट. जेवायच्या वेळी पहिला करायला गेले आणि हात थांबला. नुसती लाज नव्हती, कारणही होतं. अर्धं काम मुख्य धाग्यात, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक प्रतीत, घातलं तर बाकीच्यांचं बिघडते, आणि तिथं ते कायमचं राहते. गिटमध्ये अर्धं काम बाजूला सरकवायची सोय आहे, तिला स्टॅश म्हणतात. पण ती गोष्ट माझ्याच लॅपटॉपवर राहते आणि काम माझ्या समोरून उचलून घेते. मला उलटं हवं होतं. काम समोर जसंच्या तसं राहिलं पाहिजे, मी पुढं लिहीत राहिले पाहिजे, आणि त्या क्षणाची प्रत ऑफिसच्या सर्व्हरवर गेली पाहिजे, मुख्य धाग्याला धक्का न लावता.

मग मी शोधाशोध केली. गिटची स्वतःची मदत वाचली, सगळी, इंग्रजीतली, शब्दकोश बाजूला उघडा ठेवून. दुसऱ्या लोकांनी असली अवजारं केली आहेत हेही दिसलं, तात्पुरते कमिट करणारी, पण मला पाहिजे तसं एकही जसंच्या तसं मिळालं नाही. म्हणून मीच लिहिलं. पहिले दोन प्रयत्न फसले. एकात नव्या फायली मागं राहायच्या, दुसऱ्यात नेट गेलं की सगळं अडकून बसायचं. तिसऱ्यांदा जमलं.

कमांडचं नाव ठेवलं 'ठेव'. लॅपटॉपवर कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत 'ठेव' टाकायचं, पुढं मनात येईल ते दोन शब्द, आणि एंटर. ते माझ्या सगळ्या फायलींचा, जुन्या-नव्या, एक तात्पुरता कमिट करतं आणि माझ्या नावाच्या बाजूच्या धाग्यावर नेऊन घालतं. नेट नसलं तर लॅपटॉपवर थांबतं, आलं की जातं. माझ्यासमोर काहीच हलत नाही. काम पुरं झालं की हे सगळे तुकडे गाळून मुख्य धाग्यात एकच नीट कमिट करायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. वाचून केलं.

आई बाजूला बिड्या वळत होती. तिनं विचारलं, "सारकं सारकं काय दाबून राहिली वो?"

"अर्धं काम ऑफिसले पाठवून राहिली."

तिचा हात थांबला. "अर्धं? आन् तुहा सट्टेदार छाट नाई काढत?"

"सट्टेदार नाही आई, सर हायेत."

"तेच ते."

"अर्ध्याची छाट नसते तिकडं. फक्त ठेवून घेतेत. छाट शेवटी."

आईनं हातातली बिडी पुरी वळली. मग म्हणाली, "मले नाई पटत. दाखवलं म्हंजे दाखवलं." आणि सूप थोडं माझ्यापासून पलीकडं वळवून बसली.

तिचं मला कळत होतं. पहिले काही दिवस मीही धास्तीतच 'ठेव' करायची. मग सवय झाली. काकी आली की ठेव. लाइन गेली की, बॅटरीच्या शेवटच्या दमावर, ठेव. बाबांना जेवू घालायला उठायचं, ठेव. पुढचे शब्द मी आमच्या बोलीतच टाकायची, इंग्रजी अक्षरांत. ते कोणी वाचेल असं वाटलंच नव्हतं. एकदा दोन डॉक्टर एकाच वेळी बसले की पाळी उलटी लागते असं दिसलं. कारण सापडेना, तर तेच लिहून टाकलं: 'हे चुकून राहिलं पन ठेवतो, दोन डॉक्टर असले का पाळी उलटी'.

डॉक्टर बघायला येणार त्या दिवशी सकाळी मी तीच चूक शोधत बसले होते. जागा सापडली होती, दुरुस्ती अर्धी लिहून झाली होती. आतून धपकन आवाज आला आणि आईची हाक. बाबा स्वतःच उठायला गेले होते. खाटेच्या कडेला हात सुटला. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, रक्त होतं.

मी उठले, पुन्हा वळले, उभ्याउभ्याच 'ठेव' टाकलं, पुढं 'बाबा पडले', आणि पळाले.

मग ऑटो, गोंदिया, दवाखाना. टाके पडले, फोटो काढला, हाड शाबूत निघालं. बाबा शुद्धीवरच होते आणि नर्सला सांगत होते, "माही पोरगी असंच नंबर लावायचं बनवते. तुमाले पायजे तं सांगा." ती म्हणाली, "आधी चुपचाप पड़े रहो बाबूजी." बाहेर बाकावर बसून मी फोन काढला. वेळ टळून गेली होती. डॉक्टर येऊन, पाहून गेले असणार. सरांचे फोन येऊन गेलेले, माझ्या हातून एकही घेतला गेला नव्हता. मी आईला म्हटलं, "आई, नोकरी गेली समज." आई म्हणाली, "जाऊ दे. तुहा बाप तं राहिला."

सरांना लावायला हिंमत झाली नाही. टीममधल्या एकाला लावला. तो बालाघाटचा, मला दीदी म्हणतो.

"दीदी, बाबा कैसे हैं?" पहिला प्रश्न हाच.

"ठीक आहेत. तुला कसं माहीत?"

"तुम्हारे ठेव में लिखा था न. मैंने देखा, फोन किया, तुम उठाई नहीं, तो सर को बताया. फिर जहाँ तुमने छोड़ा था वहीं से उठा लिया. वो उलटी पाळी वाला भी तुमने लिख के रखा था, इसलिए जगह तुरंत मिल गई. आधा तो तुम कर ही चुकी थी. दिखा दिया डॉक्टर लोगों को. चल गया."

मी फोन ठेवला. मग आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कोन पोरगा तो? लगन झालं का त्याचं?" झालं आहे म्हटल्यावर तिचा त्या विषयातला रस संपला.

नंतरच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मला सगळ्यांना एक दाखवायचं आहे," आणि त्यांनी माझा बाजूचा धागा सगळ्यांच्या स्क्रीनवर उघडला. झाकलेलं सूप भर ओसरीवर कोणी उलटं केलं तर कसं वाटेल, तसं मला झालं. सर एकेक वाचू लागले.

"'अर्धं.' 'अजूनबी अर्धंच.' 'काकीचा फारम.' 'लाइन गेली.' 'काकी परत आली.' 'लाइन परत गेली.' कोण आहे हो ही काकी? हिला पगार द्यायला पाहिजे आपण."

लोक हसत होते. सरही हसत होते. "'हे चुकून राहिलं पन ठेवतो.' 'हे कायले चालून राहिलं समजत नाही, हात लावू नका.'" मग पुढची ओळ आली. 'बाबा पडले.' सरांनी तीही वाचली. कोणी हसलं नाही.

"कसे आहेत ते?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत सर. टाके निघाले."

"बरं." मग म्हणाले, "तुझं हे ठेव काय आहे ते सगळ्यांना सांग. आपल्याकडं निम्म्या लोकांची कामं अशीच बुडतात आणि मग माझ्या कानावर वेगवेगळ्या गोष्टी येतात. तू निदान काकीचं नाव तरी सांगतेस."

त्यांनी मला तू म्हटलं, ते मला लगेच कळलं.

मी सांगितलं. एकानं विचारलं, चुकीचं काम सर्व्हरवर दिसतं त्याची लाज नाही वाटत का? मी म्हटलं, वाटते. पण ते चुकलेलं लिहून ठेवलं नसतं तर त्या दिवशी दुसऱ्याला चूक सापडली नसती. मग बालाघाटवाला म्हणाला, "दीदी, मेरे मशीन पे पहले डालो." मीटिंग संपायच्या आत तिघांनी 'ठेव' आपापल्या मशीनवर घेतलं होतं.

पाळीचा पडदा पुरा झाला. मुख्य धाग्यात त्याचा माझ्या नावाचा एकच कमिट आहे, नीटनेटका. मला कायम केलं, आणि घरून काम करण्याचं कागदावर लिहून दिलं. 'ठेव' आता आमच्या सगळ्या टीमच्या मशीनवर आहे, नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला ते मीच शिकवते, गावातून.